मांजराच्या मिशा कशासाठी?

(मासिक बैठकीत दिलेल्या माहितीचा मजकूर)



बचत झाली, हप्ते झाले, कर्जाचे अर्जही झाले. आता थोडा वेळ घरातल्याच एका विषयावर बोलू. आपल्यापैकी बऱ्याच जणींकडे मांजर आहे. पोत्यातलं धान्य, बियाणं उंदरांपासून तेच राखतं. पण त्याला मिशा कशासाठी, असं कुणी विचारलं तर काय सांगाल?

माणसांत मिशा म्हणजे बाप्याचा रुबाब. मांजरांत तसं नाही. बोक्याला मिशा असतात, तशा मांजरीलाही असतात. ती शोभा नाही, कामाची वस्तू आहे.

जरा जवळून बघा. नाकाच्या दोन्ही बाजूंना साधारण १२-१२ मिशा असतात, चार ओळींत. डोळ्यांच्या वर, हनुवटीवर आणि पुढच्या पायांच्या मागच्या बाजूलाही असे ताठ केस असतात. मिशीचा केस अंगावरच्या केसापेक्षा दोन-तीन पट जाड असतो आणि त्याचं मूळ खोल गेलेलं असतं. केसाला स्वतःला काही कळत नाही, पण मुळाशी मज्जातंतूंचं जाळं असतं. टोकाला जरा काही लागलं, वाऱ्याची झुळूक आली, की ते मुळाशी कळतं. दिवे गेल्यावर आपण हात पुढे करून चाचपडतो ना? मांजर मिशांनी चाचपडतं.

पहिलं काम वाटेचं. दोन्हीकडच्या मिशांची रुंदी साधारण मांजराच्या अंगाएवढी असते. फटीत डोकं घालताना मिशा कडेला घासल्या, की जागा अरुंद आहे हे त्याला समजतं.

दुसरं काम शिकारीचं. मांजराला लांबचं हललेलं चटकन दिसतं, पण अगदी नाकासमोरचं धूसर दिसतं. तोंडाजवळ आलेला उंदीर नेमका कुठे आहे, हे मिशा सांगतात. झडप घालताना त्या पुढे वळतात.

तिसरं काम आपल्या उपयोगाचं. मिशांवरून मांजराचा मूड कळतो. निवांत असेल तर मिशा बाजूला सैल असतात. कशाकडे लक्ष लागलं तर पुढे येतात. घाबरलं, चिडलं की गालाला चिकटून मागे जातात. कानही मागे पडलेले असतील तर समजा, आता ते बोचकारणार. तेव्हा लहान मुलाला त्याच्या जवळ जाऊ देऊ नका.

आता घरी गेल्यावर एवढं करा.

१. मुलांना सांगा, मिशा कापायच्या नाहीत, ओढायच्या तर नाहीतच. कापताना दुखत नाही, पण मग मांजराचा अंदाज चुकतो, ते अडखळतं. परत वाढायला कित्येक आठवडे लागतात. ओढलं तर मात्र फार दुखतं. एखादी मिशी आपोआप गळली तर काळजी नको, नवी येते.

२. थंडीत मांजर चुलीला टेकून बसतं आणि मिशा करपतात. जाळ असताना त्याला लांब बसवा.

३. दूध-भाकरी खोल, अरुंद भांड्यात देऊ नका. पसरट ताटलीत द्या. काही मांजरांना मिशा सारख्या काठाला लागलेल्या आवडत नाहीत.

४. मांजर चावलं किंवा बोचकारलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दाखवा. रेबीज मांजरापासूनही होतो. त्याची लस वेळेवर घेतली तर जीव वाचतो, आजार झाल्यावर मात्र इलाज नाही.

बायांनो, आपल्या धान्याची राखण करणाऱ्या या जिवाची हत्यारं शाबूत ठेवणं आपल्याच हातात आहे. आणि त्याच्या मिशा वाचायला शिकलो, तर आपली मुलंही सुरक्षित राहतील. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या मांजराचं निरीक्षण करून या. काय दिसलं ते सगळ्या मिळून बोलू.