ग्रेड बघून ऑइल घाला

भंडारा जिल्ह्याच्या सातही तालुक्यांतून आलेले गॅरेजमालक, मिस्त्री आणि हाताखाली काम शिकणाऱ्या पोरांनो,

अध्यक्षपदाचा मान तुम्ही मला दिलात. अध्यक्षाने व्यवसायाच्या साऱ्याच प्रश्नांना हात घालायचा असतो. मी मात्र आज एकाच विषयावर बोलणार आहे, इंजिन ऑइलच्या दाटपणावर.

आपल्याकडे एक समज पक्का आहे. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, म्हणून विदर्भात ऑइल जाडच पाहिजे. गिऱ्हाईक तेच मागतं, आपण तेच ओततो. पण गाडी एकदा तापली की थर्मोस्टॅट कूलंटला साधारण 90 अंशांवर धरून ठेवतो आणि ऑइल 100 च्या आगेमागे राहतं. बाहेर मे महिन्याची दुपार असो की डिसेंबरची पहाट, आत फारसा फरक पडत नाही. म्हणून तर एसएईच्या वर्गीकरणात डब्यावरचा दुसरा आकडा 100 अंशांवरच्या दाटपणावरून ठरतो. 30 ग्रेडचा दाटपणा 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक, 40 चा 12.5 ते 16.3. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनाचा. तो जितका लहान, तितकं सकाळच्या पहिल्या स्टार्टला ऑइल लवकर वर पोचतं.

आता आपली सवय बघा. डिपस्टिक ओढायची, थेंब चिमटीत चोळायचा आणि निकाल द्यायचा, ‘पातळ झालं.’ 15डब्ल्यू-40 ऑइल 40 अंशांवर साधारण 110 सेंटिस्टोक असतं, 100 अंशांवर 14-15 उरतं. म्हणजे चिमटीत थंड झालेल्या थेंबापेक्षा बेअरिंगमधलं तेच ऑइल सात-आठ पट पातळ असतं. चिमटीला कचकच कळते, नाकाला इंधनाचा वास कळतो. ग्रेड दोघांनाही कळत नाही.

नव्या पेट्रोल गाड्यांना कंपनी 0डब्ल्यू-20 किंवा 5डब्ल्यू-30 सांगते, कारण बेअरिंगमधली फट, पंप, चेन टेन्शनर, व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा हे सगळं त्याच दाटपणाच्या हिशोबाने बनवलेलं असतं. तिथे 20डब्ल्यू-40 घातलं तर थंड इंजिनात ऑइल उशिरा पोचतं, त्याला ढकलण्यात ताकद जाते आणि अ‍ॅव्हरेज घसरतं. प्रेशर वाढलेलं बघून आपण खूश होतो. पण वाट अडली तरी प्रेशर वाढतंच.

म्हणून पातळ तेच चांगलं, असंही नाही. आपल्या धानाच्या बांधीत चिखलणी करणारा ट्रॅक्टर डोळ्यांपुढे आणा. लोड जबर, वेग कमी, रेडिएटरच्या जाळीत चिखल बसलेला. धातूंमधली ऑइलची फिल्म वेगाने जाड होते, लोडने पातळ होते. इथे दोन्ही गोष्टी विरोधात, फिल्म टिकते ती ऑइलच्या दाटपणावर. तिथे कंपनीने सांगितलेलं 15डब्ल्यू-40 सोडून कारचं उरलेलं पातळ ऑइल ओतणं म्हणजे बेअरिंग हाताने घालवणं.

गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात गिअरबॉक्स बनतात, त्या जिल्ह्यातल्या मिस्त्रीला आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. तिथलं 90 हे इंजिनाच्या 40-50 ग्रेडएवढंच दाट असतं. 90 म्हणजे 40 च्या दुप्पट जाड, हा हिशोब चुकीचा.

1 एप्रिल 2020 पासून धुरावरचे बीएस-6 नियम आले. डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर बसला. फिल्टरमधली ती काजळी जळत असताना गाडी वारंवार मध्येच बंद केली, तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं. लेव्हल वाढते, ऑइल पातळ होतं. गिऱ्हाईक आनंदाने सांगतं, ‘ऑइल कमीच होत नाही!’ तिथे आपले कान टवकारले पाहिजेत.

तेव्हा आज तीन गोष्टी ठरवू. मॅन्युअल बघितल्याशिवाय डबा फोडायचा नाही. बिलावर नुसतं ‘ऑइल’ न लिहिता ग्रेड आणि किलोमीटर लिहायचे, ट्रॅक्टर असेल तर तास. आणि धूर सोडणाऱ्या जुन्या इंजिनात जाड ऑइल घालायची वेळ आलीच, तर गिऱ्हाईकाला तोंडावर सांगायचं की धूर थोडा दबेल, पण झिजलेल्या रिंगा दुरुस्त होणार नाहीत. असं खरं बोलण्याने एखादं काम हातचं जाईलही. पण पुढच्या वेळी तोच माणूस आपला पत्ता विचारत येईल.