मुक्काम तोच, कागद नवा

परभणीत 1940 साली जन्मलेल्या माणसाने घर न सोडता किती मुलूख पाहिले, ते मोजून बघावे. जन्म निजामाच्या हैदराबाद संस्थानात, 17 सप्टेंबर 1948 नंतर भारतात, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात. हिंगोलीकरांचा फेरा तर याहून लांबला. 1 मे 1999 ला त्यांचा जिल्हाच वेगळा झाला; जुन्या दाखल्यांवरचे 'जि. परभणी' तेवढे तसेच राहिले.

संस्थानी काळात इथला माणूस परदेशी निघाला, तर पासपोर्टवर तो ब्रिटिश प्रजाजनही नसे. 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती' अशी त्याची नोंद होई. आणि निजामाच्या नोकरीत शिरायला मुल्की, म्हणजे संस्थानचाच रहिवासी, असल्याचा दाखला लागे, तो वेगळाच!

स्वातंत्र्यानंतरही पासपोर्ट ही बराच काळ सरकारची मेहरबानी होती. 1967 मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. हजला जाणाऱ्यांसाठी पुढेही वेगळा पिलग्रिम पास असे. 2009 पासून त्यांनाही नेहमीचा पासपोर्ट घ्यावा लागला. हाताने लिहिलेले पासपोर्ट नोव्हेंबर 2015 मध्ये कायमचे बाद झाले. आता पासपोर्टच्या आत चिप बसते.

पण ही निळी पुस्तिका गावात कितीजणांकडे? तिथे ओळख म्हणजे रेशनकार्ड, नाहीतर शाळेचा निर्गम उतारा. जन्मतारीख आईला आठवेना, म्हणून गुरुजींनी 1 जून लिहून टाकली. निम्मा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला! 1993 पासून मतदार ओळखपत्र आले, तेव्हा कुठे फोटोसकट सरकारी कार्ड घरोघर पोचू लागले.

29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले. त्याला ना पाटलाची साक्ष पुरते, ना गुरुजींची. दहा बोटे, दोन डोळे आणि 12 आकडी क्रमांक. कायद्याने ते नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे मात्र पुष्कळांच्या गावीही नसते.

बोटांचे म्हणाल, तर कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटांवर बोंडांचे ओरखडे, खुरपणीने झिजलेल्या रेषा. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा लागत नाही. ती पदराला हात पुसते, पुन्हा दाबते. मागे रांग चुळबुळते.

"मावशी, दुसरं बोट लावा," दुकानदार म्हणतो.