शुश्रूषा आणि भाषा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



परप्रांतात पन्नास वर्षे नांदलेल्या मंडळास भाषेचे महत्त्व आम्ही सांगावे असे नाही. पोटासाठी दुसऱ्याची भाषा शिकणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्या प्रत्येक घराने अनुभवले आहे. म्हणून आमचा आजचा विषय अमेरिकेतील असला, तरी तो आपणांस परका वाटू नये. ज्यांना इंग्रजी पुरते येत नाही, अशा स्थलांतरितांना रुग्णसेवेतील पहिल्या पायरीच्या कामाचे शिक्षण कसे द्यावे, हा तो विषय होय.

आपल्याकडील रुग्णालयांत जिला सारेजण ‘मावशी’ म्हणून हाक मारतात, तिच्या कामाशी मिळतेजुळते काम तेथे नर्सिंग असिस्टंट करते. रुग्णास न्हाऊ घालणे, भरविणे, कुशीवर वळविणे, नाडी मोजणे आणि काही वेगळे आढळल्यास परिचारिकेस तत्काळ कळविणे, ही तिची कामे. वृद्धांच्या शुश्रूषागृहांत हे काम करणाऱ्यांसाठी १९८७ साली संघीय कायद्याने शिक्षण आवश्यक ठरविले. त्याची मर्यादा किमान ७५ तासांची असून त्यांपैकी किमान १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष कामाचे असतात. त्यानंतर कौशल्याची आणि ज्ञानाची अशी दुहेरी परीक्षा होते. ज्ञानाची परीक्षा लेखी द्यावी की तोंडी, हे उमेदवाराने ठरवावयाचे असते.

शिक्षण थोडक्या आठवड्यांचे. परंतु दाराशी भाषा उभी असते. ‘आधी इंग्रजी शिका, मग धंदेशिक्षणास या,’ ही जुनी रीत. दिवसभर मोलमजुरी करून, लहान मूल शेजारणीकडे सोपवून रात्रीच्या वर्गास येणारी स्त्री अशी किती वर्षे तग धरणार? वर्ग सुटतो, आणि जिच्या हाताला उपजत गुण आहे ती दाराबाहेरच राहते.

वॉशिंग्टन राज्याने २००४ साली दहा महाविद्यालयांत निराळा प्रयोग आरंभिला. त्यास ‘आय-बेस्ट’ म्हणतात. त्यात धंदा शिकविणारा आणि भाषा शिकविणारा असे दोन शिक्षक एकाच वर्गाची जबाबदारी घेतात, आणि निदान निम्मा वेळ दोघेही वर्गात हजर असतात. रुग्णास कुशीवर कसे वळवावे हे एकाने दाखवावे. ‘आता मी तुम्हांला डाव्या कुशीवर वळविणार आहे,’ हे रुग्णास आधी कसे सांगावे, ते दुसऱ्याने म्हणवून घ्यावे. रुग्णाशी बोलताना भविष्यकाळ आणि नोंद लिहिताना भूतकाळ, असे व्याकरण हातातील कामाबरोबरच अंगवळणी पडते.

यात भाषेला सवलत दिली जाते असे कोणी समजू नये. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत कानाची चूक झाली, तर नोंद चुकते. खाटेवर ‘एन. पी. ओ.’ अशी पाटी असता न्याहारीचे ताट पुढे ठेवले, तर उपाशीपोटी करावयाची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. रुग्ण ‘थ्रो अप’ म्हणाला, तर पुस्तकी इंग्रजी शिकलेल्यास काहीतरी वर फेकावयाचे आहे असे वाटावे. बिचाऱ्यास ओकारी येत असते! म्हणूनच चांगला शिक्षक ‘समजले का?’ असे विचारून थांबत नाही. होकारार्थी मान सगळेच डोलावतात. काय समजले, ते तो विद्यार्थ्याच्या तोंडून वदवून घेतो. पुढची गोष्टही तितकीच खरी, की या कामाचे वेतन बेताचेच असते. म्हणून पहिली पायरी शेवटची ठरू नये, पुढील शिक्षणाची वाट तेथूनच दिसावी.

आता आपल्या घराकडे वळू. ‘कणकण’, ‘कळ’, ‘ठणका’, ‘चमक’, ‘मळमळ’, ‘घेरी’, ‘जीव घाबरा होतो’ हे शब्द आपले आईवडील सहज उच्चारतात. केरळातून महाराष्ट्रातील रुग्णालयांत आलेल्या कितीतरी परिचारिकांनी हे शब्द खाटेपाशीच आत्मसात केले. परंतु मुलाकडे परप्रांती राहावयास आलेल्या आजींची ‘कणकण’ येथील रुग्णालयात कोणास कळणार? थर्मामीटरला ती पुष्कळदा सापडतही नाही.

मंडळास आमची विनंती लहानशीच आहे. अशा दुखण्याच्या शब्दांची एक वही येथील भाषेतील अर्थांसह तयार करावी आणि ती जवळच्या रुग्णालयास द्यावी. त्याच रुग्णालयांत दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या मुली मदतनिसाचे काम शिकत असतील, तर त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन तास आपला दिवाणखाना उघडावा. येथील भाषा आपल्याला कोणी ना कोणी शेजाऱ्याने शिकविली आहे. ते ऋण फेडण्यास याहून चांगली जागा नाही. शुश्रूषेला हात लागतात हे खरे. पण रुग्ण काय म्हणतो, हे त्या हातांना कळले पाहिजे.