समुद्रातलं शेवाळ आणि दारूनं थकलेलं यकृत

सुरतच्या कतारगाममध्ये थंडीत पापडी खरेदी करताना शेजारच्या किराणा दुकानात चायना ग्रासची पांढरी, वाळकी जुडी पाहिली असेल. ती समुद्री शेवाळापासून बनते.

शेवाळाचा यकृताशी काय संबंध, ते आता पाहू. दारू पोटात गेली की यकृत तिचं ॲसिटाल्डिहाइड करतं, आणि ते दारूहूनही जहाल. दुसरीकडे आतड्याचं अस्तर सैल पडतं. जंतूंची विषं फटीतून निसटून रक्तावाटे थेट यकृतात पोचतात. म्हणजे मार दोन्हीकडून! तपकिरी शेवाळातलं फ्युकॉइडन नावाचं चिकट शर्करायुक्त द्रव्य ही फट बुजवायला आणि दाह कमी करायला मदत करतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसांवरचा पुरावा मात्र अजून तोकडाच. कोचीच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं शेवाळापासून ‘कॅडलमिन लिव्हक्युअर’ बनवलं, पण तेही दारूशी संबंध नसलेल्या फॅटी लिव्हरसाठी.

गुजरातेत दारूबंदी असली तरी चोरून पिणारे आहेतच. त्या दारूत मिथेनॉल मिसळलेलं असलं, तर ते थेट डोळ्यांवर घाला घालतं. तिथं शेवाळाचा काही उपयोग नाही. रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्यायचं. चायना ग्रासची जेली मात्र खुशाल खा, औषध म्हणून नव्हे, चवीसाठी.