भिजलेला कॉम्प्युटर
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी संतसाहित्य, मधुमेह, गुंतवणूक अशा विषयांवर जाणकार बोलतात. यंदा कार्यकारिणीने मला धरलं. "तुमचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे, काहीतरी उपयोगाचं सांगा," म्हणाले. नोकरी सरकारी, दिवस फायलींत जातो; पण नातेवाइकांत त्या डिप्लोमाचा मान अजून आहे. कुणाचा मिक्सर बंद पडला की पहिला फोन मला येतो. म्हणून आज माझीच एक फजिती सांगतो.

१३ ऑक्टोबर २०२० ची रात्र इथल्या बहुतेकांना आठवत असेल. बेगमपेठच्या वेधशाळेत चोवीस तासांत १९ सेंटीमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. चादरघाट, मुसारामबागेकडे मुशीने काय केलं ते आपण टीव्हीवर पाहिलं. माझी आजी १९०८ च्या पुराला 'तुग्यानी' म्हणायची. तिने तो पाहिलेला नव्हता, तिच्या आईकडून ऐकलेला होता. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं, उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले, आणि आता मुशीची भीती नाही असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण आबिड्सच्या आमच्या गल्लीत नदी आलीच नाही. पाणी आलं ते न्हाणीघराच्या मोरीतून, उलटं वर.

आमचं घर तळमजल्यावर. पहाटे उठलो तर बैठकीच्या खोलीत वीतभर पाणी, आणि टेबलाखाली फरशीवर ठेवलेला कॉम्प्युटरचा डबा त्यात उभा. लॉकडाऊननंतरचे दिवस, मुलीची शाळा त्याच कॉम्प्युटरवर भरत होती. आणि त्यातच आईच्या आवाजातल्या तीन फायली होत्या. ती आदल्या वर्षी गेली. जाण्याआधी सौ.ने तिच्याकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या होत्या. दुसरीकडे कुठे ठेवलेल्या नव्हत्या. ठेवू, ठेवू म्हणत राहिलं होतं.

पहिलं काम मी बरोबर केलं. मेन स्विच कोरड्या जिन्यात होता, तो बंद केला आणि मगच पाण्यात उतरलो. ज्यांचा मेन स्विच पाण्यात उभं राहिल्याशिवाय हाताला येत नाही, त्यांनी त्याला हात लावू नये, लाइनमनला बोलवावं. कॉम्प्युटर गेला तरी चालेल.

आता थोडं शास्त्र. शुद्ध पाण्यातून वीज फारच कमी वाहते. घात करतात ते पाण्यात विरघळलेले क्षार, आणि मोरीच्या पाण्यात तर काय नसतं! अशा पाण्यात बोर्ड भिजला आणि त्यात वीज गेली की जिथे जायला नको तिथे ती पोचते, आणि तांब्याच्या बारीक रेघा झिजून हिरव्या पडू लागतात. वीज नसेल तर हे काम फार सावकाश चालतं. एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्लग काढला तरी मदरबोर्डवर रुपयाएवढा एक सेल असतो, तीन व्होल्टचा. तो आपलं काम करतच राहतो. तो आधी काढायचा. मी काढला.

मग बोर्ड धुवायचा. हो, धुवायचा! इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो त्या पाण्याने चिखल घालवायचा आणि नंतर मऊ ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवायचं. कोटीला गुजराती गल्लीत आयपीए म्हटलं की दुकानदार देतो. ते पेट घेतं, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि देवघरातल्या समईपासून दूर बसा. मग पंख्याखाली निदान दोन-तीन दिवस वाळू द्या. हेअर ड्रायरचा गरम झोत नको, प्लॅस्टिक वाकतं आणि पाणी उलट फटीत ढकललं जातं. तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. त्याने नुसती पिठूळ धूळ आत जाते, तांदूळ मात्र वाया जातात. पॉवर सप्लायचा डबा, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, तो उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जोराचा झटका देण्याइतकी वीज राहू शकते. भिजला असेल तर सरळ नवा घ्या.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बटण दाबलं.

त्या दिवशी आमच्याकडे नुकसानीच्या पाहणीचं काम आलं होतं. सकाळपासून घरोघर फिरलो. प्रत्येक दारात ओल्या गाद्या, फुगलेली पुस्तकं, उलटे ठेवलेले फ्रिज. एकाने आपला टीव्ही दाखवून विचारलं, "साब, ऑन करके देखे क्या?" मी मोठ्या अधिकाराने म्हणालो, "नक्को, चार दिन रुको." घरी आलो. मुलगी म्हणाली, "बाबा, उद्या टेस्ट आहे." बोर्ड हाताला कोरडा लागत होता. सेल परत बसवला आणि बटण दाबलं. पंखा एक फेरी फिरला, आत बारीक टक् झालं आणि जळका वास आला. बोर्डाच्या खालच्या कडेला, स्लॉटच्या फटीत, ओल राहिलेली होती.

बोर्ड गेला त्याचं मला फार वाटलं नाही. खरी चूक वेगळी होती. तपासताना हार्ड डिस्कची वायर मी सोडवलीच नव्हती. डिस्क खालच्या कप्प्यात होती. पाणी तिच्या खालच्या बाजूच्या हिरव्या पाटीला लागलं होतं. वरच्या झाकणावर हवेसाठी बारीक छिद्र असतं, तिथपर्यंत पोचलं नव्हतं. म्हणजे आतल्या तबकड्या कोरड्या होत्या, आणि ती पाटी मी स्वतःच्या हाताने जाळली.

डिस्क पूर्ण बुडली असेल तर नियम उलटा आहे, तो लक्षात ठेवा. तिला वाळवू नका. गाळ तबकड्यांवर सुकून चिकटतो. ओलसर फडक्यात गुंडाळून पिशवी बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्याकडे न्या. उघडू नका, लावून बघू नका. डिस्क वाटते त्यापेक्षा चिवट असते. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या, ते २००३ मध्ये कोसळलं. त्यातली एक हार्ड डिस्क सुमारे सहा महिन्यांनी एका आटलेल्या तलावाच्या तळाशी सापडली, जळालेली, ठेचलेली. तिच्यातली जवळजवळ ९९ टक्के माहिती परत मिळाली, कारण आतल्या तबकड्या शाबूत होत्या.

ती गोष्ट आठवून मी सिकंदराबादला गेलो. पार्क लेनच्या कॉम्प्युटर बाजारात अगदी त्याच मॉडेलची जुनी डिस्क शोधायला तीन रविवार गेले. नुसती पाटी बदलून भागत नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची मापं एका आठ पायांच्या चिपमध्ये असतात. ती जुन्या पाटीवरून उतरवून नव्या पाटीवर डागावी लागते. माझा हात तेवढा स्थिर राहिलेला नाही. एका तरुण कारागिराने ते भिंगाखाली वीस मिनिटांत केलं. मी बाहेर बाकावर बसून होतो. डिलिव्हरी रूमच्या बाहेर बसतात ना, तसा. सगळं मिळून साडेसहा हजार गेले.

डिस्क फिरली. मुलीच्या वह्या, फोटो, सगळं निघालं. ओव्यांच्या तीनपैकी दोन फायली उघडल्या. तिसरी यादीत नाव दाखवते, पण वाजत नाही. त्यात काय होतं ते सौ.लाही नीट आठवत नाही. उरलेल्या दोन आता घरात दोन ठिकाणी आहेत आणि तिसरी प्रत पुण्याला बहिणीकडे.

कॉम्प्युटर आता टेबलावर असतो. जागा जाते म्हणून घरात कुरकुर चालूच आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर आरतीनंतर मी प्रसादाच्या टेबलापाशी आहे. फक्त मिक्सर आज आणू नका.