शब्दांचा बाजारभाव

मेथीची जुडी हातात धरून गिऱ्हाईक ‘फारच महाग’ म्हणते, तेव्हा तोंडी आलेला शब्द थेट देवघराच्या नात्यातला असतो. संस्कृतात ‘अर्घ’ म्हणजे किंमत. पूजेतले अर्घ्य त्यातूनच आले आणि ‘महार्घ’ झिजून ‘महाग’ झाले. त्याचा जोडीदार ‘समर्घ’, म्हणजे स्वस्त. त्याचे मराठीत ‘सवंग’ झाले. मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातल्या मराठी-इंग्रजी कोशात सवंग म्हणजे स्वस्त. धान्य सवंग झाले की तेव्हा लोक खूश होत. आज हा शब्द मंडईतून उठला आणि लोकप्रियतेला, विनोदाला शिवीसारखा चिकटला. बिचाऱ्याची स्वतःचीच किंमत उतरली.

‘दाम’ तर परदेशी. ग्रीकांचे द्राख्मा हे नाणे भारतात ‘द्रम्म’ झाले. कान्हेरीच्या लेण्यांतले नवव्या शतकातले शिलालेख द्रम्मांचे दान नोंदवतात. पुढे अकबराच्या काळात ‘दाम’ हे तांब्याचे नाणे होते, रुपयाला ४०. दामाचा आठवा हिस्सा म्हणजे दमडी. एखाद्याला ‘दमडीची अक्कल नाही’ म्हणणारा हिशेबाने किती खाली उतरतो, हे त्यालाही ठाऊक नसते.

‘किंमत’ अरबीतून फारसीमार्गे आली. तिच्या धातूचा मूळ अर्थ उभे राहणे. ‘कायम’ आणि ‘मुक्काम’ ही तिची सख्खी भावंडे.

सगळ्यात चमत्कारिक कहाणी मात्र ‘मूल्य’ आणि ‘मोल’ यांची. शब्द एकच, मूल्याचेच प्राकृतात ‘मोल्ल’ आणि मराठीत ‘मोल’ झाले. पण संस्कृत रूप शाळेत मूल्यशिक्षणाचा तास घेते आणि मराठी रूप मोलमजुरीला जाते, मोलकरीण होऊन परक्यांची भांडी घासते. भाषेतही सोवळेओवळे असते ते असे.

मोठेपणा मात्र संस्कृत आणि अरबी, दोन्ही भाषांनी तराजूत घातला. ‘गौरव’ हा ‘गुरु’चा, म्हणजे जडपणाचा मुलगा; ‘वजन’ अरबी. साहेबांकडे ज्याचे वजन, त्याचे काम आधी. नसेल, तर फाइलवर वजन ठेवावे लागते!

राहता राहिले ‘महत्त्व’. रेडिओवर ऐकताना ते एका ‘त’चे की दोन, हे कानाला कळत नाही. ‘महत्’ला ‘त्व’ जोडला आहे, म्हणून त दोन. तेव्हा श्रोतेहो, लिहिताना त्यातला एक तेवढा गाळू नका.