रात्री साडेनऊची प्रार्थना

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"कठीण काळात धीर कशाने आला, यावर बोल," असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझा धीर चर्चशी बांधलेला, आणि इथे आपण निरनिराळ्या घरांतले. मग आठवलं. ना. वा. टिळकांची कविता शिकवताना मराठीच्या बाईंनी मला उभं केलं होतं. "तुमच्या चर्चमध्ये यांची पदं म्हणतात ना? एक म्हणून दाखव." पेटी नाही, तबला नाही, मी थरथरत म्हटलं. तोपर्यंत तुमच्या लेखी माझा धर्म म्हणजे नाताळचा केक! तेव्हा बाई, आजचं बोलणंही तुमच्याच खात्यावर.

एप्रिल २०२१. पप्पांना नगरहून पुण्याला आणलं. दिवसभर फोन करून संध्याकाळी एक बेड मिळाला. भीती वाटली की मी तक्ता करते, हा आमच्या धंद्याचा गुण म्हणा किंवा रोग. ऑक्सिजनचे आकडे, औषधांच्या वेळा, आलेख, सगळं लॅपटॉपवर. प्रार्थना मात्र जमेना. प्रभूची प्रार्थना मला तिसऱ्या वर्षापासून पाठ आहे. पण देवाच्या इच्छेप्रमाणे होऊ दे, असं म्हणायची जागा आली की मी अडायचे. त्याची इच्छा काय असेल, याचीच तर भीती होती.

चर्चला कुलूप होतं. मंडळी रोज रात्री साडेनऊला फोनवर जमायची. कुणाचा आवाज तुटायचा, कुणाच्या घरी कुकरची शिट्टी. पाळकसाहेब आजाऱ्यांची नावं वाचायचे. यादी रोज लांबत होती. मी नुसती ऐकत बसायचे. एका रात्री आमच्या महिला मंडळातल्या एका निवृत्त नर्सबाईंनी तेरावं स्तोत्र वाचलं. सहाच वचनांचं आहे. त्यातल्या पहिल्या दोन वचनांत एकच प्रश्न चार वेळा येतो : देवा, आणखी किती काळ? मी ते आधी कितीदा तरी वाचलं असेन. ऐकलं त्या रात्री. मला वाटायचं, प्रार्थना रजेच्या अर्जासारखी असते. आधी आभार, मग नम्र विनंती. हा तर सरळ जाब होता.

मग मी शोधत सुटले. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांत अशी गाऱ्हाणी पुष्कळ. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळसुद्धा नाही. आमच्या ऑफिसात असं काही आलं असतं तर 'अपूर्ण' म्हणून परत पाठवलं असतं. पण ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र केली, त्यांनी ते तसंच राहू दिलं.

त्या रात्री तक्ता बंद करून मी देवाशी भांडले. मोठ्याने, रडत. उत्तर आलं नाही. चार तास झोप मात्र लागली. सकाळी डॉक्टरांना फोन करून, सात दिवस टाळलेला प्रश्न विचारला : पप्पा वाचतील का? ते म्हणाले, आशा फार थोडी आहे. मी म्हटलं, मग मला त्यांच्याशी बोलायचंय. वॉर्डातल्या सिस्टरने फोन धरला. मी आणि आईने टिळकांचं तेच पद म्हटलं, वर्गातलं. मास्कखाली पप्पांचे ओठ हलत होते. तो प्रश्न विचारायची हिंमत झाली नसती, तर ती दहा मिनिटं आम्हाला मिळाली नसती.

सोळाव्या दिवशी पप्पा गेले. दफनभूमीत मोजक्याच माणसांना परवानगी होती. आपल्या वर्गातला, तिसऱ्या बाकावरचा एक जण फाटकाबाहेर दीड तास उन्हात उभा होता. नाव सांगत नाही, तो आत्ताच मान खाली घालून बसलाय. मी बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "आईने काकांसाठी दत्तापुढे रोज दिवा लावला होता गं." आमच्या साडेनऊच्या प्रार्थनेत मी तो दिवाही धरते.

नंतर पप्पांच्या कपाटात 'ख्रिस्तायन' सापडलं. टिळकांनी ते लिहायला घेतलं. १९१९ साली ते गेले आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं. नवऱ्याच्या अर्ध्या राहिलेल्या ग्रंथापुढे पहिल्या दिवशी त्या कशा बसल्या असतील? मला पप्पांचं पासबुक उघडायला दोन महिने लागले.

आता फोनवरची प्रार्थना फक्त बुधवारी असते आणि नावांची यादी मी वाचते. मागच्या महिन्यात तिच्यात आपल्या गणिताच्या सरांचं नाव होतं, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. सर, तुम्हाला न विचारता घातलं, रागावू नका. डॉक्टरांचं श्रेय डॉक्टरांनाच आहे. पण मघाशी तुम्ही काठीशिवाय जिना चढून आलात, तेव्हा मी मागेच होते. पायऱ्या मोजत होते.